इंजिनिअर बापाची लेक, आणि आपण बाकीच्या

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं, बरंचसं तसंच ठेवलंय.)

आज इतिहासच आहे, पण राजे-राजवाड्यांचा नाही. टेक्नॉलॉजीच्या धंद्यात बाया कशा शिरल्या, कुठल्या दारानं शिरल्या, आणि शिरल्यावर त्यांचं पुढं काय झालं, याचा इतिहास. मी स्वतः बीड जिल्ह्यातली, गेवराई तालुक्यातली, आणि पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. त्यामुळं हा विषय मला पुस्तकापुरता नाही.

या विषयावर काही बोलायचं म्हटलं की एक गोष्ट हमखास येते. सुधा मूर्ती आणि जेआरडी टाटांना लिहिलेलं पोस्टकार्ड. तुम्हालाही ती पाठ असेल. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, व्हॉट्सॲपवर, मोटिव्हेशनल रीलमध्ये, सगळीकडं असते. गोष्ट खरी आहे आणि चांगलीही आहे. पण ती ऐकून आपल्या डोक्यात एक हिशेब बसतो: पोरगी हुशार असली, जिद्दी असली, की दार उघडतं. मग एखादीसाठी दार उघडलं नाही, तर आपण म्हणतो, हिच्यातच काहीतरी कमी असेल.

म्हणून आज मी या पहिल्या-पहिल्या बायांना एक साधा प्रश्न विचारणार आहे. बाई, तुमच्या घरात कोण होतं?

मद्रासची ललिता

सुरुवात मद्रासपासून करू. ए. ललिता. जन्म १९१९. तेलुगू घर. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी नवरा वारला. पदरात चार महिन्यांची मुलगी. त्या काळातल्या विधवेचं आयुष्य कसं असायचं हे आपल्या आजी-पणजीच्या गोष्टींतून आपल्याला ठाऊक आहे. ललितानं ठरवलं, शिकायचं. आणि शिकायचं तेही असं, की स्वतःच्या पायावर उभं राहता येईल. डॉक्टरकी तिला नको होती, कारण लहान मूल सांभाळत रात्री-अपरात्री पेशंट बघणं जमणारं नव्हतं. तिनं इंजिनिअरिंग निवडलं.

१९४० साली मद्रासच्या गिंडी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. शेकडो मुलं, आणि ही एकटी. आता प्रश्न विचारा: घरात कोण होतं? तिचे वडील पप्पू सुब्बा राव त्याच कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. प्राचार्यांकडं जाऊन त्यांनीच शब्द टाकला. पुढं हॉस्टेलवर ललिताला फार एकटं वाटायला लागलं, तेव्हा आणखी मुलींनी यावं म्हणून खटपटही त्यांनीच केली. लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी आल्या, सिव्हिलला. असं सांगतात की पदवीच्या कागदावरचा छापील मजकूर पुरुषाला धरूनच होता, तो खोडून तिथं बाईसाठीचा शब्द घालावा लागला. बाई पास होईल याची तयारी कागदानंसुद्धा केली नव्हती!

ललितानं पुढं कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये अनेक वर्षं काम केलं. भाक्रा-नांगलसारख्या प्रकल्पाच्या वीजवाहिन्यांच्या डिझाइनमध्ये तिचा हात होता. कलकत्ताच का? कारण तिथं तिचा भाऊ राहायचा आणि मुलीला सांभाळायला वहिनी होती. १९६४ साली न्यूयॉर्कला महिला इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिला ललिता गेली होती. आणि थ्रेसिया? ती १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची चीफ इंजिनिअर झाली.

लक्षात ठेवा: बाप आत होता, आणि मूल सांभाळायला वहिनी होती. हुशारी या दोन्हींच्या जोडीला होती.

मुंबईची शकुंतला

आता आपल्याकडं येऊ. शकुंतला भगत, माहेरच्या जोशी. जन्म १९३३. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९५३ साली सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी. इंटरनेटवर त्यांच्या नावापुढं "भारतातली पहिली महिला सिव्हिल इंजिनिअर" असं लावतात. थ्रेसिया आणि लीलम्मा आठवल्या ना? त्या सिव्हिलच्याच, आणि आधीच्या. तेव्हा "पहिली" हा शब्द जरा जपून वापरू. शकुंतलाबाईंचं काम इतकं मोठं आहे, की त्यांना त्या शब्दाची गरजही नाही.

पदवीनंतर त्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पुढचं शिकल्या. १९६० मध्ये आयआयटी मुंबईत सिव्हिल विभागात शिकवायला लागल्या, आणि तिथल्या हेवी स्ट्रक्चर्स लॅबोरेटरीचं काम बघायच्या. मग १९७० मध्ये त्यांनी आणि त्यांचे पती अनिरुद्ध भगत यांनी क्वाड्रिकॉन नावाची पुलांची कंपनी काढली.

यांचं डोकं काय होतं ते सांगते. एरवी प्रत्येक पुलाचं डिझाइन वेगळं, सुटे भाग वेगळे. भगत दांपत्यानं ठरावीक मापाचे स्टीलचे सुटे भाग तयार केले. कारखान्यात बनवायचे, गाडीत घालून न्यायचे, जागेवर जोडायचे. तेच भाग कमी-जास्त करून लहान पूल, मोठा पूल, अरुंद रस्त्याचा, रुंद रस्त्याचा, हवा तसा उभा करायचा. लहानपणी मेकॅनोचा सेट पाहिला असेल, त्याच जातीची कल्पना. हे भाग एकमेकांना जोडण्यासाठी त्यांनी युनिशिअर नावाचा कनेक्टरही काढला. सॉफ्टवेअरवाल्यांनो, आपण ज्याला "मॉड्युलर" म्हणतो ना, ते या बाईनं लोखंडात करून दाखवलं.

पण नवीन पद्धतीवर लगेच कोण विश्वास ठेवणार? पहिला पूल उभा राहिला तो हिमाचल प्रदेशात स्पितीला, १९७२ मध्ये. जिथं अवजड यंत्रं नेणंच अवघड, तिथं ही सुट्या भागांची पद्धत कामाला आली. १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत त्यांच्या कंपनीचे ६९ पूल झाले होते. १९९३ मध्ये त्यांना "वुमन इंजिनिअर ऑफ द इयर" हा मान मिळाला. २०१२ मध्ये त्या गेल्या. आपल्यातल्या किती जणांनी त्यांचं नाव आधी ऐकलं होतं? मी इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता आपला प्रश्न. घरात कोण होतं? वडील एस. बी. जोशी, नावाजलेले पूल-अभियंते. पूल हा त्यांच्या घरातला जेवतानाचा विषय. आणि नवरा, त्याच कामात भागीदार.

पुण्याची सुधा, आणि न सांगितलेला उत्तरार्ध

आता पोस्टकार्ड. सुधा कुलकर्णी, हुबळीच्या. वडील डॉक्टर, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे. हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती एकटी मुलगी. प्राचार्यांच्या अटी त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितल्यात: साडीच नेसायची, कँटीनला जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही. आणि कॉलेजात मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. हे मी हसत सांगत नाहीये. आजही फील्डवर काम करणाऱ्या कुठल्याही पोरीला विचारा, दिवसभर पाणी का पीत नाहीस.

१९७४ साली त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकत असताना नोटीस बोर्डावर टेल्कोची जाहिरात लागली. खाली ओळ: महिला उमेदवारांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जेआरडींना पोस्टकार्ड टाकलं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, नोकरी मिळाली, आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली महिला इंजिनिअर दाखल झाली. रील इथं संपतं.

पण गोष्ट पुढं आहे. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. सात संस्थापक, सातही पुरुष. सुरुवातीचे १०,००० रुपये सुधाताईंच्या साठवणीतले. कंपनीत यायची त्यांचीही इच्छा होती. पण नवरा-बायको दोघांनी एकाच कंपनीत नको, असं नारायण मूर्तींचं ठरलेलं होतं. त्यांनी घर सांभाळलं, नंतर समाजकार्य केलं, लेखन केलं. २०२४ च्या जानेवारीत नारायण मूर्तींनीच एका मुलाखतीत जाहीरपणे कबूल केलं की तो निर्णय चुकीचा होता.

म्हणजे बघा. ज्या बाईनं टेल्कोचं बंद दार पोस्टकार्डानं उघडलं, तिच्याच पैशातून उभ्या राहिलेल्या कंपनीत तिला खुर्ची नव्हती. तिथं कुठली जाहिरात नव्हती, कुणी "अर्ज करू नये" असं लिहिलं नव्हतं. न लिहिलेली ओळ जास्त चिवट असते. तिच्याविरुद्ध पोस्टकार्ड कुणाला टाकणार?

कोडिंग हे बायकांचं काम होतं, माहितेय?

थोडं बाहेर डोकावू. १९४६ मध्ये अमेरिकेत एनिॲक नावाचा खोलीभर मोठा कॉम्प्युटर जगापुढं आला. त्याचं प्रोग्रॅमिंग केलं सहा बायांनी. जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर आणि त्यांच्या चौघी सहकारी. यंत्र बनवणं पुरुषांचं भारी काम, आणि त्याला काय करायचं ते सांगणं म्हणजे कारकुनी, म्हणून ते बायांकडं. यंत्राचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, त्या रात्री मोठी मेजवानी झाली, आणि या सहा जणींना बोलावणंच नव्हतं. पुढं सॉफ्टवेअरमध्ये पैसा आणि मान आहे हे कळल्यावर हळूहळू ते "मुलांचं क्षेत्र" झालं.

दुसरी एक बाई, ब्रिटनमधली. स्टेफनी शर्ली. १९६२ मध्ये तिनं सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि लेकरं झाल्यामुळं नोकरी सोडावी लागलेल्या प्रोग्रॅमर बायांना घरून काम दिलं. हो, वर्क फ्रॉम होम, १९६२ मध्ये! आधी ती आपल्या नावानं पत्रं पाठवायची, उत्तरं यायची नाहीत. मग नवऱ्यानं सुचवलं म्हणून "स्टीव्ह" अशी सही करायला लागली, आणि कामं यायला लागली. कॉनकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग तिच्या कंपनीतल्या बायांनी केलंय.

हे का सांगितलं? "मुलींना कोडिंग कमी जमतं" असं कुणी म्हणालं, तर त्याला एनिॲक सांगा. जमण्या-न जमण्याचा प्रश्नच नव्हता कधी.

आपल्या पोरीच्या घरात कोण होतं?

आता बीडला या. १९४० साली ललिता गिंडीच्या कॉलेजात शिरली, तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. इंजिनिअरिंग शिकायचं तर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ, तिथं शिक्षण उर्दूत. नाहीतर संस्थानाची हद्द ओलांडून पुणे. पोरगी तर सोडाच, पोरगाही विचार करताना दमायचा. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये निघालं, आणि औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० मध्ये.

माझे वडील एसटीत कंडक्टर. आई शेतात. घरात इंजिनिअर सोडा, इंजिनिअर पाहिलेलं माणूस नव्हतं. मग मी इंजिनिअरिंगला पोचले कशी? बाप प्राध्यापक नव्हता, जोशींसारखा पूल-अभियंता नव्हता. त्या बापाचं काम माझ्यासाठी काही नियमांनी केलं. हे मला फार उशिरा समजलं, आणि आजच्या एपिसोडचं सार म्हणाल तर हेच.

एक नियम १९८३ चा. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्यावर टीका खूप झाली, देणग्यांवरून रान उठलं, आणि त्या टीकेत तथ्यही होतं. पण एक गोष्ट झाली. कॉलेज जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावापर्यंत आलं. "पोरीला लांब पाठवायचं नाही" म्हणणाऱ्या घरातली पोरगी एसटीच्या पासवर इंजिनिअर होऊ लागली.

दुसरा, प्रवेशातल्या मुलींसाठीच्या ३० टक्के जागा. मी त्याच जागेवरून आले. "कोट्यातून आलीस" असं मला ऐकवणाऱ्यांचं मला काही वाटत नाही. ललिताच्या वडिलांनी प्राचार्यांकडं शब्द टाकला, माझ्यासाठी सरकारनं टाकला. फरक इतकाच.

तिसरं, मुलींसाठीच्या वेगळ्या संस्था. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं १९९१ मध्ये फक्त मुलींचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. आपल्या शेजारी लातूरला मुलींसाठी शासकीय निवासी तंत्रनिकेतन आहे. "निवासी" हा शब्द घरच्यांना किती धीर देतो, ते गावाकडच्या पोरीलाच कळेल.

आत गेल्यावर

आता नोकरीचं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही.

मुलाखतीत मला विचारलं, लग्नाचा काय विचार आहे? माझ्यासोबतच्या मुलाला विचारलं, नवीन काय शिकलास? ठीक आहे, नोकरी लागली. टीममध्ये चौदा जण, मी एकटी मुलगी. माणसं वाईट नव्हती, उलट काळजी करणारी होती. आमच्या कामात नवीन सॉफ्टवेअर लाईव्ह करायचं असलं की ते रात्री करतात, ग्राहकांची वर्दळ कमी असते तेव्हा. त्या रात्री धमाल असते, टेन्शन असतं, आणि सिस्टीम खरी कशी चालते ते त्याच रात्री कळतं. मला दर वेळी म्हणायचे, "तू कशाला त्रास घेतेस, जा घरी, आम्ही बघतो." मला बरंच वाटायचं.

वर्षअखेरीला अप्रेझल झालं. शेऱ्यात लिहिलं होतं: महत्त्वाच्या रिलीजचा अनुभव कमी.

कळलं? काळजी म्हणून मला जिथं जाऊ दिलं नाही, तिथं न गेल्याबद्दल मार्क कापले. कुणी कटकारस्थान केलं नव्हतं. सगळे आपापल्या परीनं चांगलेच वागत होते. तसंच खालच्या टपरीवरचं. कामाचे अर्धे निर्णय तिथं चहावर व्हायचे, आणि मला मीटिंगमध्ये फक्त निकाल कळायचा.

मला यातून बाहेर काढलं दुसऱ्या टीममधल्या एका ताईंनी. वयानं, अनुभवानं बऱ्याच मोठ्या. त्या म्हणाल्या, "बोलू नकोस, मेल लिही. पुढच्या रिलीजला मी थांबणार आहे, रात्रीच्या गाडीची सोय करावी, एवढंच. कायद्यानं ती करावीच लागते." मी मेल लिहिला. गाडी आली, मी थांबले. इतकं सोपं होतं, फक्त सांगणारं कुणी नव्हतं. ज्यांच्या घरात नोकरदार इंजिनिअर असतो, त्यांना हे जेवताना कळतं. आपल्याला त्यासाठी एखादी ताई भेटावी लागते.

रात्रीचा कायदा

ताईंनी सांगितलेला कायदा काय, तेही ऐका, कारण त्यामागं मोठा इतिहास आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानं बायांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात कामाला ठेवायला बंदी होती. हेतू संरक्षणाचा. परिणाम? जिथं पाळ्या चालतात तिथं बाई नकोच. टेल्कोच्या जाहिरातीतली ती ओळ अशाच हवेत लिहिली गेली.

पुढं आयटी आणि कॉल सेंटर आले, अमेरिकेच्या घड्याळानं काम सुरू झालं, आणि मुली रात्री कामाला निघू लागल्या. आणि १ नोव्हेंबर २००७ ला पुण्यात ती घटना घडली. रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी मुलीवर, कंपनीसाठी चालणाऱ्या गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं बलात्कार करून तिचा खून केला. तेव्हा कितीतरी घरांतून पोरींना फोन गेले, "नोकरी सोड, परत ये." आई-बापाची भीती खोटी नव्हती. पण उपाय पोरीला घरी बसवणं हा नव्हता, गाडी सुरक्षित करणं हा होता.

महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा त्या दिशेनं आहे. बाईला रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि सुरक्षेची, घरापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकाची. १९४८ चा कायदा म्हणायचा, "बाई, तू थांबू नकोस." हा म्हणतो, "बाई थांबणार असेल तर मालका, तू सोय कर." या एका उलथापालथीला जवळपास ७० वर्षं लागली.

याच्या जोडीचे आणखी दोन नियम पाठ करून ठेवा. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा: दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान ऑफिस असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. तक्रार साधारण ३ महिन्यांच्या आत. या कायद्याची मुळं १९९७ च्या सुप्रीम कोर्टाच्या विशाखा निकालात आहेत, आणि त्या निकालामागं राजस्थानच्या भंवरी देवी या ग्रामीण साथिणीची लढाई आहे. एसी ऑफिसमधल्या आपल्या सगळ्यांना संरक्षण मिळालं ते बालविवाह रोखायला गेलेल्या एका गावाकडच्या बाईमुळं. दुसरा नियम, २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय.

८०७

शेवटी एक आकडा. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात ० ते ६ वर्षांच्या हजार मुलांमागं मुली होत्या ८०७. राज्यात सगळ्यात कमी. ती लेकरं आज किती वर्षांची झाली? बारावीत, डिप्लोमाला, इंजिनिअरिंगला असतील. म्हणजे हा एपिसोड ऐकणाऱ्यांच्याच वयाची. टेक्नॉलॉजीत मुली कमी का, असं बीडमध्ये विचारायचं असेल तर मोजणी वर्गापासून नको, सोनोग्राफीच्या खोलीपासून सुरू करावी लागेल. त्यातून वाचलेल्या कित्येकींचं लग्न अठराच्या आत लागतं. कित्येकींचे आई-बाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, आणि धाकट्या भावंडांसाठी शाळा सोडून घरी थांबते ती पोरगीच.

या पोरींसाठी बापाचं काम करणारे नवे नियम आलेत, ते घरोघरी पोचायला हवेत. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवान बाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅप राउंडमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला, तर शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खासगी कॉलेजातही. मॅनेजमेंट कोट्याला मात्र हे लागू नाही, त्यामुळं फॉर्म भरताना घाई करू नका. अर्ज महाडीबीटीवर. हॉस्टेल आणि मेसचा खर्च उरतोच, तोही आधीच धरून चाला.

आणि १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गाडीची वाट बघितली, ती आली. रेल्वे हा पोरींचा प्रश्न वाटत नाही. पण "एवढ्या लांब एकटी कशी जाणार" या वाक्याचं अर्धं उत्तर रुळांवर असतं.

उरलेलं अर्धं उत्तर माणसांत असतं. देशाच्या आयटी क्षेत्रात आज साधारण तिसरा हिस्सा महिला आहेत, आणि जसजसं वर जावं तसतशा त्या कमी होत जातात. नियम आत घेतात. आत टिकून राहायला मेल कसा लिहायचा हे सांगणारी ताई लागते. माझ्यासारख्या ज्या पोरी पहिल्यांदाच या धंद्यात आल्यात, त्यांच्यामागं आता बहिणी, मावसबहिणी, गल्लीतल्या पोरी येतायत. त्यांच्या घरात इंजिनिअर बाप नाही. पण फोनमध्ये तुमचा नंबर असू शकतो.

तेव्हा आजचं काम एकच. या वर्षी बारावीला असलेली ओळखीतली एक पोरगी शोधा, तिला फी माफीचं सांगा, आणि फॉर्म भरताना तिच्या शेजारी बसा. पोरं ऐकत असतील तर तुम्हीही. आणि टीममधली पोरगी रात्री थांबणार का, हे तिच्या वतीनं ठरवू नका, तिलाच विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या, शिकत राहा. नमस्कार!